पायातली गुठळी फुफ्फुसात जाते हे शोधणारा डॉक्टर ऐंशीव्या वर्षी स्वतःच मांडी मोडून अंथरुणाला खिळला

अलिबागपासून खाली रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत जा. नारळी-पोफळीच्या वाड्या, शेवाळलेल्या पाखाड्या, पावसाळ्यात निसरडी झालेली अंगणं. या पट्ट्यात म्हातारं माणूस घसरून पडलं आणि खुबा मोडला, ही बातमी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या आळीतून येतेच. मग धावपळ. गाडी करून अलिबाग, नाहीतर थेट मुंबई. ऑपरेशन होतं, रॉड पडतो, माणूस उशीला टेकून चहा-बिस्किट खायला लागतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आणि आठव्या-दहाव्या दिवशी बाथरूमला जायला म्हणून उठल्यावर एकदम धाप लागते, घाम फुटतो, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. गावात सांगितलं जातं, ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण अटॅक आला.

बऱ्याचदा हा अटॅक हृदयाचा नसतोच. पडून राहिल्यानं पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते. उठताना ती तिथून सुटते, रक्ताबरोबर वर वाहत जाते, हृदयातून पुढे सरकते आणि फुफ्फुसाच्या धमनीत बूच बसावं तशी अडकते. पायात गुठळी होते त्याला डॉक्टर डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात, थोडक्यात डीव्हीटी. ती फुफ्फुसात जाऊन अडकली की पल्मनरी एम्बोलिझम.

यातले थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझम हे दोन्ही शब्द आजच्या अर्थानं वैद्यकात रुजवले ते एका जर्मन डॉक्टरनं. नाव रुडॉल्फ फिरखो. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत त्याचा उच्चार विरको, विरचो असा काहीही होतो, पण त्याच्या नावाचा ट्रायड पाठ केल्याशिवाय एकही विद्यार्थी एमबीबीएस होत नाही.

फिरखोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातलं शिफेलबाइन हे छोटं गाव, जे आज पोलंडमध्ये आहे. बाप शेती करायचा आणि गावच्या तिजोरीचा हिशोबही बघायचा. घरची परिस्थिती बेताची, आणि हा एकुलता एक. डॉक्टरकीचं शिक्षण परवडणारं नव्हतं. पण बर्लिनमध्ये लष्करासाठी डॉक्टर तयार करणारी एक संस्था होती, तिथं हुशार मुलांना फुकट शिकवायचे आणि त्या बदल्यात पुढे सैन्यात नोकरी करावी लागायची. १८३९ साली फिरखो तिथं दाखल झाला, १८४३ मध्ये डॉक्टर झाला आणि बर्लिनच्या शारिटे या मोठ्या रुग्णालयात रुजू झाला.

त्याला काम मिळालं ते शवविच्छेदनाच्या खोलीत. रॉबर्ट फ्रोरीप नावाच्या डॉक्टरच्या हाताखाली. फ्रोरीपनं पोराची चुणूक बघितली आणि त्याला एक प्रश्न दिला : शिरांचा दाह म्हणजे नेमकं काय, याचा छडा लाव.

हा प्रश्न साधा नव्हता. त्या काळी पॅरिसचा क्रूव्हेलिये हा पॅथॉलॉजीतला सगळ्यात मोठा माणूस होता. त्याच्या मते जवळपास प्रत्येक आजाराच्या मुळाशी शिरांचा दाह असायचा. प्रेत उघडल्यावर फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी सापडली, तर डॉक्टर म्हणायचे की तिथल्या तिथं दाह झाला आणि रक्त गोठलं. हे सगळे युरोपभर मानले जाणारे लोक. आणि समोर पंचविशीही न गाठलेला, सरकारी खर्चानं शिकलेला पोरगा.

फिरखोनं वाद घालत बसण्यापेक्षा प्रेतं तपासली. फुफ्फुसात गुठळी सापडलेल्या अनेक प्रेतांमध्ये पायाच्या नाहीतर ओटीपोटाच्या शिरांतही गुठळ्या होत्या. फुफ्फुसाची धमनी मात्र आतून निरोगी दिसायची, तिथं दाहाची खूणच नसायची. म्हणजे गुठळी तिथं तयार झालेली नाही, ती दुसरीकडून वाहत आली आहे, असा त्यानं अंदाज बांधला. शिरेतल्या गुठळीचं टोक रक्ताच्या प्रवाहात लोंबकळत असतं, मऊ पडतं, तुटतं आणि प्रवाहाबरोबर निघून जातं.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. मग त्यानं कुत्र्यांवर प्रयोग केले. मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे, गोठलेल्या रक्ताचे तुकडे, मांसाचे तुकडे सोडले. नंतर कुत्र्यांची फुफ्फुसं उघडली. तुकडे तिथंच, धमनीत अडकलेले. आज वाचताना हे प्रयोग क्रूर वाटतात, आणि ते होतेच. पण रक्तातून एखादी घन वस्तू शरीराच्या एका टोकापासून फुफ्फुसापर्यंत प्रवास करू शकते, हे त्या दिवसांत कुणी याआधी असं दाखवून दिलेलं नव्हतं. १८४६ साली त्यानं हे छापायला सुरुवात केली आणि १८५६ मध्ये सगळं काम एका जाडजूड ग्रंथात एकत्र केलं.

आता तो प्रसिद्ध ट्रायड. शिरेत गुठळी का होते याची तीन कारणं : रक्ताचा प्रवाह मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्तच गोठायला उतावीळ असणं. ही तीन कारणं एका ओळीत मांडून फिरखोनं त्याला स्वतःचं नाव दिलं, असं समजण्याचं कारण नाही. त्याच्या लिखाणात हे मुद्दे विखुरलेले आहेत. त्याचा ट्रायड म्हणून बारसं झालं ते तो गेल्यावर कित्येक दशकांनी. पण मुद्दे पक्के होते, आणि आजही रुग्णालयात गुठळीचा धोका मोजताना डॉक्टर फिरून फिरून याच तीन गोष्टींवर येतात.

यातली पहिली गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातलं रक्त वर आणायचं काम बरंचसं पोटरी करते. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की मधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. विहिरीवरचा पंप जसा दांडा हलवला तरच पाणी देतो, तसंच हे. माणूस खाटेवर पडून राहिला की दांडा हलत नाही. रक्त झडपांच्या खोबणीत साचतं, आणि साचलं की गोठायला लागतं.

इतकं करून फिरखो तिथंच थांबला असता तरी त्याचं नाव राहिलं असतं. पण गड्याला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. १८४५ मध्ये, म्हणजे हेच काम चालू असताना, त्यानं रक्ताच्या कॅन्सरच्या एका रुग्णाचं वर्णन लिहिलं. ल्युकेमिया हे नाव त्यानंच दिलेलं. १८४७ मध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, मित्राबरोबर स्वतःचं मासिक काढलं. ते आजही निघतं, त्याच्याच नावानं.

१८४८ च्या फेब्रुवारीत सरकारनं त्याला अप्पर सायलेशियात पाठवलं. तिथं टायफसची साथ आली होती. लोक पोलिश बोलणारे, कमालीचे गरीब. आधी दुष्काळ, मग उपासमार, मग साथ. सरकारची अपेक्षा अशी की हा तरुण डॉक्टर चार औषधं सुचवेल, अहवाल देईल, विषय संपेल. फिरखो तिथं तीनेक आठवडे घरोघर फिरला आणि त्यानं जो अहवाल लिहिला त्यात औषधांपेक्षा सरकारचीच तपासणी जास्त होती. या लोकांना शाळा नाहीत, त्यांच्या भाषेत कारभार नाही, रस्ते नाहीत, जमीनदार पिळतात, कर गरिबाकडून वसूल होतो. साथ इथूनच येते, असं त्यानं सांगितलं. उपाय म्हणून त्यानं शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न लिहून दिलं.

अहवालाची शाई वाळायच्या आत बर्लिनमध्ये क्रांती पेटली. मार्च १८४८. सायलेशियातून नुकताच परतलेला फिरखो थेट बॅरिकेडवर. वर सुधारणांचा प्रचार करणारं एक साप्ताहिकही काढलं. क्रांती फसली. १८४९ मध्ये सरकारनं त्याचं पद काढून घेतलं. राजकारणात लुडबुड करणार नाही अशी हमी घेऊन व्युर्त्सबुर्गच्या विद्यापीठानं त्याला बोलावलं, आणि पुढची सात वर्षं तो तिथं होता. लग्न तेव्हाच झालं, १८५० मध्ये, रोझे मायरशी. पुढे सहा मुलं.

राजकारण बंद झालं म्हणून त्यानं सगळी ताकद सूक्ष्मदर्शकावर लावली. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते, आणि आजार म्हणजे पेशींमध्ये झालेला बिघाड, हा विचार त्यानं इथं पक्का केला. १८५८ मध्ये त्याचं पेशींच्या पॅथॉलॉजीवरचं पुस्तक आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी आजाराकडे बघायची पद्धत बदलली. पण पेशीतून पेशी जन्मते हे त्याच्या आधी रॉबर्ट रेमाक या बर्लिनच्या ज्यू शास्त्रज्ञानं दाखवलं होतं, आणि फिरखोनं त्याला हवं तेवढं श्रेय दिलं नाही. मोठ्या माणसाच्या चरित्रातली ही बाजू सहसा गाळली जाते.

१८५६ मध्ये बर्लिननं त्याला परत बोलावलं. यावेळी अटी त्याच्या होत्या : मला स्वतंत्र पॅथॉलॉजी संस्था बांधून द्या. ती मिळाली. आणि राजकारण न करण्याची हमी? १८५९ मध्ये तो बर्लिनच्या नगरपालिकेत निवडून आला, तो मरेपर्यंत तिथंच. १८६१ मध्ये नवा पक्ष काढणाऱ्यांत होता, पुढच्या वर्षी प्रशियाच्या संसदेत. तिथं त्याची गाठ पडली बिस्मार्कशी.

१८६५ साली फिरखोनं सभागृहात बिस्मार्कच्या खरेपणावर बोट ठेवलं आणि भडकलेल्या बिस्मार्कनं त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. सोशल मीडियावर यानंतरचा किस्सा हमखास फिरतो : फिरखोनं शस्त्र म्हणून दोन सॉसेज निवडले, एक चांगला आणि एक जंतूंनी भरलेला, आणि बिस्मार्कनं काढता पाय घेतला. किस्सा झकास आहे, पण त्याला त्या काळातला पुरावा नाही. झालं एवढंच की फिरखोनं असल्या खेळाला नकार दिला आणि कामाला लागला.

काम म्हणजे गटारं. बर्लिनच्या रस्त्यांच्या कडेनं उघड्या नाल्या वाहायच्या. फिरखोच्या पुढाकारानं आणि हॉब्रेख्ट या इंजिनिअरच्या आराखड्यानं १८७० च्या दशकात शहराखाली मलवाहिन्या टाकल्या गेल्या. शहरात नवी रुग्णालयं आली, नर्सना प्रशिक्षण मिळू लागलं, कत्तलखान्यात मांस तपासायला सुरुवात झाली. जर्मन वंश गोरा, सोनेरी केसांचा आणि शुद्ध आहे अशी हवा होती, तर या माणसानं सदुसष्ट लाख शाळकरी मुलांच्या केसांचा आणि डोळ्यांचा रंग नोंदवून ती हवा काढून घेतली. मधल्या काळात ट्रॉयच्या उत्खननावरही जाऊन आला.

चुकलाही बऱ्याचदा. बाळंतिणींना ताप येऊन त्या मरतात याला डॉक्टरांचे न धुतलेले हात कारण आहेत, असं सेमेलवाइस सांगत होता. फिरखोनं ते मानलं नाही, आणि त्याच्या शब्दाला इतकं वजन होतं की सेमेलवाइसची बाजू आणखी दुबळी झाली. रॉबर्ट कॉखच्या जंतूंवरही त्याचा पूर्ण विश्वास बसायला तयार नव्हता. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगनं थैमान घातलं तेव्हा जर्मन पथकाबरोबर मुंबईत आलेला तो हाच कॉख. फिरखोचं म्हणणं असं की जंतू असेल, पण तो गरिबालाच का गाठतो ते आधी बघा. अर्धं बरोबर, अर्धं चूक.

ऑक्टोबर १९०१ मध्ये त्याची ऐंशी वर्षं पूर्ण झाली. बर्लिनमध्ये जंगी सोहळा, देशोदेशीचे डॉक्टर सत्काराला. म्हातारा ठणठणीत. रोज संस्थेत, रोज सभांना.

४ जानेवारी १९०२. लाइपत्सिगर श्ट्रासेवर विजेच्या ट्राममधून तो उतरत होता. ट्राम पुरती थांबलेली नव्हती, त्यानं उडी मारली. पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं.

अशा रुग्णासाठी तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. मोडलेला पाय स्थिर ठेवायचा आणि माणसाला महिनोन् महिने झोपवून ठेवायचं. संपूर्ण विश्रांती हेच औषध मानलं जायचं. फिरखोनं अर्ध्या शतकापूर्वी लिहिलेली तिन्ही कारणं आता त्याच्याच खाटेवर होती. प्रवाह मंद, कारण पाय हलत नाही. शिरांना इजा, कारण हाड मोडताना आजूबाजूलाही मार बसतो. आणि जखम झाली की शरीर रक्तस्राव थांबवायला रक्ताला गोठण्याच्या तयारीत ठेवतं, म्हणजे तिसरंही. मांडीचं, खुब्याचं हाड मोडलेले रुग्ण गुठळीच्या बाबतीत सगळ्यात जास्त धोक्याच्या गटात धरले जातात ते यामुळेच.

तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. हवापालटासाठी त्याला गरम झऱ्यांच्या गावी नेलं, पण प्रकृती खालावत गेली. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिनमध्ये तो गेला. कारण नोंदलं गेलं ते हृदय बंद पडल्याचं. त्याचाच शोध त्याच्यावर उलटला, अशी चमकदार ओळ लिहायचा मोह होतो, पण तो गुठळीनंच गेला असं म्हणायला आधार नाही. आधार एवढाच की धडधाकट माणूस पडला, हाड मोडलं, आठ महिने खाटेला खिळला आणि गेला.

गुठळी का होते हे कळलं होतं, पण तिला रोखणारं औषध यायला आणखी काही वर्षं जायची होती. १९१६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याला कुत्र्याच्या यकृतात नेमका उलटा पदार्थ सापडला. तेच हेपॅरिन. ते माणसाला टोचण्याइतकं शुद्ध व्हायला १९३० चं दशक उजाडलं. त्याच दशकात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळात मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंकच्या प्रयोगशाळेत आला. गाईंनी बुरशी लागलेला चारा खाल्ला होता. त्या चाऱ्यातल्या द्रव्यावरूनच पुढे वॉरफरिन निघालं. आधी ते उंदीर मारायला विकलं गेलं, मग माणसांना वाचवायला.

१९६० मध्ये ब्रिस्टलच्या दोन डॉक्टरांनी फुफ्फुसात गुठळी अडकलेल्या रुग्णांचे दोन गट केले. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी पाच त्याच आजारानं दगावले. औषध दिलेल्या १६ जणांपैकी त्या आजारानं एकही नाही. तेव्हापासून औषध द्यावं की नाही हा वाद मिटला. आणि १९७५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले मूळचे भारतीय सर्जन विजय कक्कर यांनी, गुठळी व्हायच्या आधीच थोडं हेपॅरिन दिलं तर काय होतं, हे चार हजारांहून जास्त ऑपरेशनच्या रुग्णांमध्ये तपासलं. इंजेक्शन न दिलेल्या गटात फुफ्फुसातल्या गुठळीनं १६ मृत्यू झाले, दिलेल्या गटात दोन.

दरम्यान खाटेचीही गादी हलली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डॉक्टर उघडपणे लिहू लागले की माणसाला विनाकारण झोपवून ठेवणं हाच एक आजार आहे. आज खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट उभं करायला येतो, आणि घरचे त्याच्यावर चिडतात. कालच कापलंय, जरा पडू द्या की. ही माया आहे, पण पोटरीचा पंप तेवढ्या वेळ बंद राहतो.

इथे रायगडच्या किनाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. एक तर हाड मोडल्यावर ऑपरेशनपर्यंत जाणारे दिवस. आधी हाडवैद्याचा लेप, मग चार दिवस वाट बघणं, मग अलिबाग. गुठळी ऑपरेशनची वाट बघत नाही, ती या पडून राहण्याच्या दिवसांतच तयार व्हायला लागते. दुसरं म्हणजे तेल. पायाला सूज आली की कोकणात पहिला उपाय कोमट खोबरेल तेल आणि मालिश. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, कातडी गरम नाहीतर लालसर, असं असेल तर मालिश अजिबात नको. आत गुठळी असेल तर चोळण्यानं ती सुटू शकते. आधी डॉप्लर सोनोग्राफी. आणि एकदम धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर येऊन कोसळणं, यातलं काही झालं तर उद्या बघू म्हणायला वेळ नसतो.

तिसरं, बाळंतीण. गरोदरपणात आणि नंतर रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, म्हणजे बाळंतपणातला रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. हा धोका बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे राहतो, सिझेरियन असेल तर जास्त. आपला सव्वा महिना नेमका याच काळात येतो. युरोपात जुन्या काळी बाळंतिणीचा पाय सुजून पांढरा पडला की तिचं दूध पायात उतरलं असं समजत. काही काळ अलिबागमध्ये राहिलेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्र निवडलं, त्या काळात बाळंतिणीची गुठळी रोखणारं एकही औषध नव्हतं. सव्वा महिन्यात कामापासून सुट्टी मिळणं चांगलंच. बाजेवरून न उठणं मात्र वेगळी गोष्ट आहे. घरातल्या घरात चालणं, पाणी पिणं, पावलं वरखाली हलवणं यानं बाळंतपण बिघडत नाही.

रुग्णालयाचा भाग राहिला. भारतासह ३२ देशांतल्या ३५८ रुग्णालयांत ६८ हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी झाली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त रुग्णांना गुठळीचा धोका होता. आणि धोका असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनाच ती टाळण्याचे योग्य उपाय मिळत होते. भारतीयांना हा त्रास फारसा होत नाही, ही समजूतही बरीच वर्षं डॉक्टरांमध्ये होती, आणि ती आता मागे पडली आहे.

उपाय काही गूढ नाहीत. लवकर उभं करणं, पायाला हवेच्या दाबाचे पट्टे किंवा घट्ट मोजे, आणि धोका जास्त असेल तर पोटाच्या कातडीखाली रोजचं हेपॅरिनचं इंजेक्शन, काहींना गोळ्या. ज्याला रक्तस्रावाची भीती आहे त्याला औषध देता येत नाही, म्हणून प्रत्येकाचा हिशोब डॉक्टरनंच मांडायचा असतो. गुठळी झालीच, तर साधारण किमान तीन महिने औषध चालतं. अनेकांना वाटतं की ही औषधं गुठळी विरघळवतात. तसं नाही. ती गुठळी वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम शरीर हळूहळू करतं. फुफ्फुसातली गुठळी मोठी असून रक्तदाब पडायला लागला, तरच ती फोडणारं औषध देतात.

खुब्याच्या ऑपरेशननंतर ही काळजी रुग्णालयातल्या चार-सहा दिवसांत संपत नाही. किमान दहा ते चौदा दिवस, आणि बऱ्याचदा ऑपरेशनपासून ३५ दिवसांपर्यंत औषध चालू ठेवतात. म्हणजे त्यातले बरेचसे दिवस श्रीवर्धनच्या, मुरूडच्या घरी जातात. मुंबईहून चार-पाच तास गाडीत बसून घरी आल्यावर इंजेक्शनची चिठ्ठी फाईलमध्ये राहते, टोचायला कुणी येत नाही, आणि जखम सुकली म्हणून औषध आपोआप बंद होतं. डिस्चार्जच्या कागदावर हे औषध किती तारखेपर्यंत आहे, टोचणार कोण, आणि घरी येताना गाडी कुठे थांबवून पाय मोकळे करायचे, हे वॉर्डमधून निघण्याआधी विचारून घ्यायचं असतं.

फिरखोचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जगभर थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी काही रुग्णालयांत नर्स खाटेवरच्या रुग्णांना पावलं वरखाली हलवायला शिकवतात.